सहाव्या एपिसोडनंतर वॉचमेन परत पहिल्यापासून

एचबीओची २०१९ ची वॉचमेन ही नऊ एपिसोडची मालिका आहे, आणि पहिल्या दोन-तीन एपिसोडमध्ये हाताला काहीही लागत नाही. तरी भेटेल त्याला मी सांगतेय की सोडू नका, सहाव्यापर्यंत जा, आणि सहावा झाला की जमलं तर परत पहिला लावा. मी आणि माझा धाकटा भाऊ आम्ही दोघांनी मिळून बघितली. तो सुपरहिरोंचे सगळे सिनेमे कोळून प्यायलेला, मला त्या प्रकाराचं फारसं प्रेम नाही, त्यामुळे दोघांना दोन वेगळ्या ठिकाणी धक्के बसले आणि ते बरंच झालं. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना काही माहीत नसताना बघायचीय त्यांनी इथेच थांबा.

सुरुवात एका मूकपटाने होते. थिएटर जवळजवळ रिकामं, एक छोटा मुलगा एकटाच बसून बघतोय, त्याची आई पडद्यासमोर पियानो वाजवतेय आणि वाजवता वाजवता तिच्या डोळ्यातून पाणी येतंय. पडद्यावर काळ्या कपड्यातला, तोंड झाकलेला एक घोडेस्वार पांढऱ्या कपड्यातल्या शेरीफचा पाठलाग करतो, दोरीचा फास टाकून त्याला पकडतो, आणि गावकऱ्यांसमोर चेहरा उघडा करतो तर तो कृष्णवर्णीय मार्शल निघतो, बॅस रीव्ह्ज. हा माणूस खरा होऊन गेलाय, गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे अमेरिकन सरकारचा डेप्युटी मार्शल झालेला. मुलगा टाळ्या वाजवणार तेवढ्यात बाहेर सायरन, धावपळ, लष्करी गणवेशातला त्याचा बाप आत येतो, आणि ते तिघं रस्त्यावर येतात तर रस्ता पेटलेला. लोकांना घरातून ओढून काढून गोळ्या घालतायत, दुकानं लुटतायत, वरून विमान जातंय. पडद्यावर लिहून येतं, टल्सा, १९२१.

भाऊ म्हणाला, "ताई, हे कुठल्या युनिव्हर्समधलं आहे?"

आम्ही तिथेच थांबवलं आणि वाचायला घेतलं, कारण मलाही ते रचलेलंच वाटत होतं. ते आपल्याच जगातलं निघालं. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात ग्रीनवुड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती, इतकी सुस्थितीतली की तिला ब्लॅक वॉल स्ट्रीट म्हणायचे, स्वतःची दुकानं, हॉटेलं, डॉक्टर, वकील, वर्तमानपत्रं, आणि ते ड्रीमलँड थिएटरसुद्धा खरं. एका लिफ्टमध्ये एका कृष्णवर्णीय तरुणाने एका गोऱ्या मुलीवर हात टाकला असा आरोप झाला आणि ३१ मे ते १ जून १९२१ या काळात गोऱ्या जमावाने ती अख्खी वस्ती जाळली, साधारण पस्तीस ब्लॉक, हजाराच्या वर घरं. विमानं होती हेसुद्धा खरं. मेलेल्यांचा आकडा तीनशेपर्यंत असावा असे अंदाज आहेत, कागदोपत्री पक्क्या झालेल्या नोंदी मात्र त्याच्या कितीतरी खाली. विमा कंपन्यांनी दंगलीचं कलम पुढे करून पैसे नाकारले. आणि एवढं होऊन ही गोष्ट दाबली गेली, राज्य सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल यायला २००१ उजाडलं. खुद्द अमेरिकेतल्या कितीतरी लोकांना टल्साचं नाव या मालिकेमुळे कळलं, हे वाचल्यावर मला त्या पहिल्या दहा मिनिटांचं महत्त्व नीट समजलं.

त्या मुलाला आईबाप एका गाडीतल्या पेटाऱ्यात बसवून बाहेर पाठवतात, खिशात चिठ्ठी, या मुलाकडे लक्ष ठेवा. गाडी उलटते, मुलगा एकटा उरतो, शेजारी गवतात अमेरिकेच्या झेंड्यात गुंडाळलेली एक तान्ही मुलगी रडत असते, तो तिला उचलतो आणि चालायला लागतो. मग कट, आणि आपण एकदम २०१९ मध्ये.

हे २०१९ आपलं नाही. इथे मोबाईल नाहीत, इंटरनेट नाही, रॉबर्ट रेडफर्ड राष्ट्राध्यक्ष आहे, व्हिएतनाम अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य आहे, आणि मधूनच आभाळातून बारके बारके स्क्विड, म्हणजे ऑक्टोपससारखे समुद्रजीव, पडतात आणि लोक काचेवरचा चिकटा पुसून पुढे जातात. कुणी काही समजावून सांगत नाही. इथे भाऊ उपयोगी पडला, कारण मूळ कॉमिक त्याने वाचलेलं. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलेलं, त्याच्या शेवटी एक अतिहुशार माणूस अणुयुद्ध टाळायचं म्हणून न्यूयॉर्कवर एक प्रचंड स्क्विड आणून टाकतो आणि लाखो माणसं मारतो, म्हणजे जगाला वाटावं परग्रहावरून हल्ला झाला आणि सगळ्यांनी भांडणं सोडावीत. मालिका त्यानंतर चौतीस वर्षांनी घडते. कॉमिक आधी वाचायलाच हवं असं मला नाही वाटत, पण एवढं माहीत असलं की पुरतं, आणि अजून एक म्हणजे रोर्शाक नावाचा शाई सांडल्यासारखा मुखवटा घालणारा हिरो त्यात होता. मालिकेत वर्णद्वेष्ट्यांच्या एका टोळीने त्याचाच मुखवटा उचललाय. भावाला हे अजिबात आवडलं नव्हतं, त्याचा लाडका होता तो. मला उलट हीच गोष्ट पटली, लोक हिरोचं काय उचलतात आणि कशासाठी वापरतात हे हिरोच्या हातात राहत नाही.

या टोळीने २०१६ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री पोलिसांच्या घरांवर एकाच वेळी हल्ले केलेत, म्हणून आता टल्साचे पोलीस पिवळे मास्क लावतात, खरं नाव सांगत नाहीत, आणि डिटेक्टिव्ह तर सरळ कॉस्च्युममध्येच फिरतात. आपली नायिका अँजेला आबार, म्हणजे रेजिना किंग, जगाला सांगते की मी पोलिसातून बाहेर पडले आणि बेकरी काढतेय, आणि खरं तर ती सिस्टर नाइट आहे, नन्ससारखा काळा झगा, डोक्यावर टोप, आणि डोळ्यांभोवती स्प्रेने मारलेला काळा रंग. हा रंग लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

पहिले चार एपिसोड आम्ही थांबत थांबत बघितले. ही मालिका एका रात्रीत संपवायची नाहीच, आली तेव्हाही आठवड्याला एक अशीच आली होती, २० ऑक्टोबर ते १५ डिसेंबर, आणि तीच गती तिला बरी. एक एपिसोड झाला की आम्ही त्यावर बोलायचो, भांडायचो, मग दुसरा. जेरेमी आयर्न्सचा जो ट्रॅक आहे, एका मोठ्या वाड्यात एकसारखे दिसणारे नोकर आणि तो म्हातारा, त्याला मी बराच काळ कंटाळले होते हे खरंय, तो अगदी शेवटी जागेवर बसतो आणि माझ्या मते दोन एपिसोड आधी बसायला हवा होता. तिसऱ्या एपिसोडमध्ये जीन स्मार्ट येते आणि मालिकेला कणा येतो, लॉरी ब्लेक, पूर्वी स्वतः कॉस्च्युम घालून फिरलेली आणि आता एफबीआयमध्ये अशाच लोकांना पकडणारी बाई. फोन बूथमध्ये उभी राहून ती मंगळावरच्या आपल्या जुन्या प्रियकराला एक लांबलचक जोक सांगते, तिकडून उत्तर येणार नाही हे माहीत असून, आणि ते सगळं ती इतक्या कोरड्या आवाजात करते की त्या बाईचं अख्खं आयुष्य कळतं.

पाचवा एपिसोड लुकिंग ग्लासचा. चेहऱ्यावर आरशासारखा चकचकीत मास्क घालणारा पोलीस, घरी एकटा टीव्ही बघत बसतो तेव्हा मास्क नाकापर्यंत वर करून डब्यातलं खातो, काढत नाही. हा असा का आहे ते पाचव्यात कळतं, तो स्क्विड पडला तेव्हा हा पोरगेला मुलगा नदीपलीकडच्या जत्रेत होता, आरशांच्या खोलीत अडकलेला म्हणून वाचला, बाहेर आला तर सगळी माणसं पडलेली. त्यानंतर इतकी वर्षं तो टोपीच्या आतसुद्धा तोच आरशासारखा कागद लावून फिरतोय, घरी अलार्म बसवलाय आणि तो वाजला की धावत तळघरात जायची प्रॅक्टिस करतोय. आणि मग त्याला कळतं की ते सगळं खोटं होतं, कुणीतरी ठरवून केलेलं. टिम ब्लेक नेल्सनने हे काम ज्या पद्धतीने केलंय त्याला तोड नाही. भाऊ इथे पहिल्यांदा गप्प झाला. कॉमिकमध्ये जो स्क्विड भव्य चित्र म्हणून येतो त्याच्याखाली वाचलेल्या एका माणसाची पुढची चौतीस वर्षं कशी गेली असतील हे त्याने कधी धरलंच नव्हतं, असं तो नंतर म्हणाला.

आणि मग सहावा.

अँजेलाने आपल्या आजोबांच्या आठवणींच्या गोळ्या एकदम सगळ्या गिळल्यात, नॉस्टॅल्जिया नावाच्या, एकेका गोळीत एकेक आठवण, दुसऱ्याच्या घ्यायच्या नसतात. त्यामुळे ती आता १९३० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये आहे, तिचे आजोबा विल रीव्ह्ज म्हणून. जवळजवळ सगळं कृष्णधवल, मध्येच कुठेतरी रंगाचा तुकडा, कॅमेरा फिरतो आणि विलच्या जागी क्षणभर अँजेला उभी असते, परत फिरतो आणि तो असतो. रस्त्यावरून चालताना मागून त्याची आई पियानो वाजवत जाते. आठवण अशीच असते ना, एकाच रस्त्यावर दोन काळ.

तो टल्सातला मुलगा आता पोलीस झालाय, कारण लहानपणी पडद्यावर बॅस रीव्ह्जला बघून त्याने कायद्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं होतं. पदवीदान समारंभात गोरा अधिकारी त्याला वगळून पुढे जातो, आणि बॅज लावतो तो सॅम्युअल बॅटल, हाही खरा माणूस, १९११ साली न्यूयॉर्क पोलिसात भरती झालेला. तो बॅज लावता लावता कानात सांगतो, सायक्लॉप्सपासून सांभाळ. मग विल एका माणसाला ज्यू दुकानदाराचं दुकान पेटवताना रंगेहाथ पकडून चौकीत आणतो, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस बाहेर मोकळा फिरताना दिसतो. सहकारी पोलीस कपाळाशी बोटांचं गोल करून एकमेकांना खूण करतात, हीच सायक्लॉप्स नावाच्या वर्णद्वेष्ट्या गुप्त टोळीची खूण. आणि एका रात्री तेच सहकारी त्याला गाडीत घालून नेतात, डोक्यावर काळं कापड घालतात, गळ्यात दोर, झाडाला लटकवतात. कॅमेरा त्या कापडाच्या आत आहे, म्हणजे आपण आत आहोत, श्वास ऐकू येतोय आणि आतून दिसतंय तेवढंच दिसतंय. शेवटच्या क्षणी खाली सोडतात आणि म्हणतात, गोऱ्यांच्या भानगडीत पडू नकोस.

तो घरी चालत निघतो, गळ्यात तोच दोर, हातात ते कापड. गल्लीत एका जोडप्याला गुंड मारतायत. तो ते कापड परत डोक्यावर ओढतो, स्वतःच्या हाताने, आणि आत शिरतो.

सुपरहिरोला कॉस्च्युम कुठून मिळतो याची इतकी भयंकर आणि इतकी खरी गोष्ट मी दुसरीकडे बघितलेली नाही. कॉमिकमध्ये हूडेड जस्टिस हा सगळ्यात पहिला मुखवटेवाला हिरो, त्याच्या गळ्यात फाशीचा दोर का आणि तो कोण हे कधी पक्कं सांगितलेलं नाही. मालिकेने ती रिकामी जागा बरोबर हेरली. कॉमिकमधलं एक अक्षर न खोडता त्याचा सगळा अर्थ बदलून टाकला, गळ्यात दोर घेऊन फिरणारा माणूस अमेरिकेत कोण असेल याचा कुणी विचारच केला नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती त्याच्या बायकोची गोष्ट. जून, म्हणजे झेंड्यात गुंडाळलेली तीच तान्ही मुलगी. दुसऱ्या दिवशी पेपरात वर्णन येतं, लोकांना वाटतं हा कोणी गोरा माणूसच असणार. ती त्याला आरशासमोर बसवते आणि त्याच्या डोळ्यांभोवती पांढरा रंग लावते, मुखवट्याच्या भोकांतून दिसेल तेवढ्याच जागी, हिरो राहायचंय तर लोकांना आत गोरा माणूस आहे असंच वाटू दे. म्हणजे कापडाखाली अजून एक मुखवटा. पुढे गोरे हिरो त्याला आपल्या ग्रुपमध्ये घेतात, तो आपला प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जातो तर कुणाला त्यात रस नाही. मग एक दिवस तो घरी येतो आणि बघतो तर त्याचा लहान मुलगा आरशासमोर बसून स्वतःच्या डोळ्यांभोवती पांढरा रंग लावतोय. तो ओरडतो, पोराचा चेहरा खसाखसा पुसायला लागतो, पोर घाबरून रडतंय, आणि जून मुलाला घेऊन निघून जाते. तिचं म्हणणं एवढंच की हे घालून तुझा राग निघून जाईल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. डॅनिएल डेडवायलर आणि जोव्हान अडेपो, दोघांनी तो प्रसंग आवाज न चढवता केला असता तरी चालला असता असं आधी वाटलं, दुसऱ्यांदा बघताना कळलं की नाही, त्याचं ओरडणंच हवं होतं, कारण अख्ख्या एपिसोडभर त्याने ते दाबून ठेवलेलं असतं. या एपिसोडच्या लेखनाला डेमन लिंडेलॉफ आणि कॉर्ड जेफरसन यांना एमी मिळालं, मालिकेला २०२० मध्ये एकूण सव्वीस नामांकनं आणि अकरा एमी, त्यातलं हे मला सगळ्यात योग्य वाटतं.

त्या रात्री सातवा न लावता आम्ही पहिला एपिसोड परत लावला, आणि तो वेगळाच दिसला.

आता तो स्प्रे. आजोबांच्या डोळ्यांभोवती पांढरा, नातीच्या डोळ्यांभोवती काळा. तिला आजोबा माहीत नाहीत, काहीच माहीत नाही, तरी ती रोज सकाळी आरशासमोर उभी राहून तीच कृती करते, फक्त रंग उलटा. ही गोष्ट पहिल्यांदा बघताना नुसता स्टायलिश शॉट म्हणून निघून जाते. मग ते बसवर, भिंतीवर दिसणारे एका टीव्ही मालिकेचे पोस्टर, हूडेड जस्टिसवरची मालिका, आणि त्यात तो गोरा दाखवलाय, सगळं गाव आवडीने बघतंय. चाकाच्या खुर्चीतला तो म्हातारा, म्हणजे विलच, पहिल्याच भेटीत अँजेलाला विचारतो की मी नव्वद-एक किलो उचलू शकेन असं तुला वाटतं का, तेव्हा तो बरळतोय असं वाटतं, पण एपिसोडच्या शेवटी पोलीस चीफ झाडाला लटकलेला असतो. आणि मूकपटातला तो काळ्या कपड्यातला, तोंड झाकलेला, दोरी हातात असलेला मार्शल. हूड, दोर, पांढऱ्या कपड्यातला खलनायक, सगळं पहिल्या दोन मिनिटांत समोर ठेवलेलं.

भाऊ यात अंडी शोधायला लागला. अँजेला शाळेत मुलांसमोर अंडी फोडून पिवळं-पांढरं वेगळं करते तिथपासून शेवटच्या सीनपर्यंत अंडी आहेत, आणि एकही उगीच नाही.

सातवा आणि आठवा मी फार सांगत नाही. सातव्याच्या शेवटी हातोडा आहे, आठवा ही एका बारमध्ये सुरू होणारी प्रेमकथा आहे, ज्यात एकाला सगळे काळ एकाच वेळी दिसतात, त्यामुळे भेटतानाच त्याला शेवट माहीत असतो आणि तरी तो भेटतो. याह्या अब्दुल-मतीनला त्यासाठी एमी मिळालं. त्याआधी सहा एपिसोड तो शांत, प्रेमळ, घर सांभाळणारा नवरा म्हणून नुसता आजूबाजूला असतो आणि आपण त्याच्याकडे बघतही नाही, हे मुद्दाम केलेलं आहे. ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉसचं संगीत एरवी छातीत धडधड भरतं, इथे ते एकदम मऊ होतं.

नववा मात्र मला खटकला आणि दुसऱ्यांदा बघूनही खटकलाच. लेडी ट्रियू, हाँग चाऊने केलेली, व्हिएतनामी, अब्जाधीश, या सगळ्यात सर्वात हुशार व्यक्ती. आईचा क्लोन करून तिला मुलगी म्हणून वाढवतेय. एवढं विलक्षण पात्र उभं करून तिचा हेतू शेवटच्या एपिसोडमध्ये घाईघाईत बोलून दाखवला जातो आणि ती जगाला धोका आहे असं दोन म्हातारे गोरे लोक ठरवतात, की संपलं. टल्साच्या जखमेला या मालिकेने नऊ एपिसोड दिले. व्हिएतनाम जिंकून घेऊन राज्य केलं, त्या जखमेला काय दिलं? अँजेलाचे आईवडील सायगावमध्ये बॉम्बने मारले जातात, तो बॉम्बवाला कोण, का, यावर जवळजवळ काही नाही. ज्या मालिकेला इतर प्रत्येक ठिकाणी मुखवट्याच्या आत बघायचं सुचलं, तिला इथे का नाही सुचलं? भाऊ म्हणतो अजून एक एपिसोड असता तर झालं असतं. मला वाटतं सातव्यातच ती जागा होती, अँजेलाचं बालपण दाखवताना, तेव्हाच सोडली.

तरीही विल आणि अँजेला ड्रीमलँड थिएटरमध्ये शेजारी बसून बोलतात तो प्रसंग त्याच एपिसोडमध्ये आहे. म्हातारा शांतपणे सांगतो की मुखवटा घालताना मला वाटायचं हा राग आहे, खरं तर ती भीती होती आणि दुःख, आणि मुखवट्याखाली जखम भरत नाही, तिला हवा लागते. ल्युई गॉसेट ज्युनियर हे बोलताना काहीही करत नाही, नुसता बसून बोलतो. समोर पडदा रिकामा असतो, शंभर वर्षांपूर्वी त्याची आई त्याच्यासमोर पियानो वाजवत होती तीच ती जागा.

दुसरा सीझन आलेला नाही. मालिका घडवणाऱ्या लिंडेलॉफने सांगितलं की मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं, आणि मग एचबीओने तिला लिमिटेड सिरीज म्हणूनच ठेवलं. भावाला अजून हवी आहे, शेवटचा शॉट जिथे तुटतो त्यापुढचं त्याला बघायचंय, आणि ट्रियूचं राहिलेलं त्यात येईल असंही तो म्हणतो. मला नकोय. हिरो चालवायचा म्हणून गोष्ट ताणायची हेच इतर ठिकाणी होतं, आणि इथे विलची गोष्ट, अँजेलाची गोष्ट, दोन्ही पूर्ण झाल्यात. ट्रियूवर कुणाला करायचंच असेल तर सायगावमधून सुरू होणारी वेगळी मालिका करावी, व्हिएतनामी लेखकांनी लिहिलेली, ती मी पहिल्या दिवशी बघेन.